जावाएक्सवरून जकार्तावर: शेकडो फाइल्सचा बदल टीमने कसा पार पाडायचा

टीममध्ये नवीन आलात की कधी ना कधी एक काम गळ्यात पडतंच, "आपला प्रोजेक्ट अजून स्प्रिंग बूट २ वर आहे, तो ३ वर न्यायचाय, तू जरा बघ". स्प्रिंग बूट म्हणजे जावात वेब ॲप बनवायचा तयार सांगाडा, आणि २ वरून ३ वर जाताना शेकडो फाइल्समधली जावाएक्सने सुरू होणारी बरीच नावं जकार्ता करावी लागतात. ह्या "जरा बघ"मध्ये काय काय दडलंय ते नवीन माणसाला कळत नाही, मग तो एडिटर उघडतो, फाइंड-रिप्लेस मारतो, सातशे फाइल्स बदलतो आणि पीआर (पुल रिक्वेस्ट, "माझा बदल मुख्य कोडमध्ये घ्या" अशी विनंती) टाकून मोकळा होतो. तो पीआर कोणी वाचत नाही, आठवड्यात त्यात कॉन्फ्लिक्ट (तीच ओळ दोघांनी वेगवेगळी बदललेली) येतात, ते सोडवेपर्यंत अजून येतात, आणि शेवटी ब्रँच (ह्या कामासाठी काढलेली कोडची वेगळी वाट) तशीच पडून राहते. असं होऊ नये म्हणून काय करायचं ते इथे क्रमाने लिहितोय. उदाहरण जावाचं घेतलंय कारण हे काम अजूनही भरपूर ठिकाणी बाकी आहे, पण पद्धत कुठल्याही भाषेत हीच.

आधी हे झालं कशामुळे ते थोडक्यात. ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई (कंपन्यांच्या मोठ्या ॲपसाठीचा जावाचा संच) इक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं, कोड गेला पण नावाचे हक्क ओरॅकलकडेच राहिले, आणि २०१९ मध्ये पक्कं झालं की जावाएक्स ह्या नावाखालच्या पॅकेजमध्ये (पॅकेज म्हणजे क्लासेसचा गट) इथून पुढे काही बदलता येणार नाही. मग डिसेंबर २०२० मध्ये जकार्ता ईई ९ आलं, त्यात जवळजवळ नवीन काहीच नव्हतं, फक्त पॅकेजचं नाव जावाएक्सचं जकार्ता झालं. टॉमकॅट १० (जावाचा वेब सर्व्हर) त्याच वाटेने गेला, नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ आलं आणि त्याने जावा १७ पण सक्तीचं केलं. बूट २.७ चा फुकटचा सपोर्ट नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला. म्हणजे एका नावावरून भांडण झालं आणि जगभरच्या जावावाल्यांना हमाली लागली, पण ते असो.

पायरी १: कोडला हात लावायच्या आधी मोजा

पहिल्या दिवशी एकही ओळ बदलायची नाही. रेपोत (गिटमध्ये ठेवलेल्या प्रोजेक्टच्या कोडमध्ये) गिट ग्रेप ही शोधायची कमांड चालवायची, त्याला सांगायचं की जावाएक्सपासून सुरू होणारं पॅकेजचं नाव तेवढंच दाखव (डॅश ओ), फाइलचं नाव नको (डॅश एच), ते आउटपुट सॉर्टमधून आणि मग युनिक डॅश सी मधून काढायचं. एक छोटी यादी हातात येते, कुठलं पॅकेज किती वेळा आलंय त्याची. ही यादी टीमच्या पानावर चिकटवा, पुढचे सगळे वाद तिच्यावरच होणार आहेत.

आता ह्या यादीत खरी गंमत आहे. सगळं जावाएक्स बदलत नाही! पर्सिस्टन्स, सर्व्हलेट, व्हॅलिडेशन, मेल, जेएमएस हे सगळं जकार्ता झालं, पण जावाएक्स एसक्यूएल, क्रिप्टो, नेट, नेमिंग, स्विंग हे जेडीकेचाच (जावाच्या मूळ किटचाच) भाग आहेत, ते आहे तिथेच राहतात. एक्सएमएलमध्ये तर अजून घोळ, बाइंड जातं आणि पार्सर्स राहतं. ट्रान्झॅक्शन जातं, पण त्याच्याच पोटातलं एक्सए राहतं कारण ते जेडीकेत आहे. ॲनोटेशनमधलं पोस्टकन्स्ट्रक्ट जातं पण ॲनोटेशन प्रोसेसिंग राहतं. जावाएक्स कॅश तर ना जेडीकेचं ना जकार्ताचं, वेगळ्याच स्पेसिफिकेशनचं आहे, त्यालाही हात लावायचा नाही. आता सांगा, सरसकट फाइंड-रिप्लेस मारलं तर काय होईल? डेटासोर्सचा इम्पोर्ट पण जकार्ता होऊन बसेल आणि बिल्ड लाल. ते निदान लाल तरी होतं, न बोलता बिघडणारं पुढे आहेच.

मोजताना फक्त जावा फाइल्स बघू नका. एक्सएमएल, प्रॉपर्टीज, वायएएमएल, जेएसपी, अगदी टेस्टच्या रिसोर्सेसमध्ये पडलेल्या फाइल्ससुद्धा. आणि हे बहुतेक जण विसरतात की मेटा-इन्फ सर्व्हिसेस फोल्डरमध्ये फाइलचं नावच जावाएक्सने सुरू होणारं असू शकतं. ग्रेप फाइलच्या आत शोधतो, नावात शोधत नाही, त्यामुळे गिट एलएस-फाइल्सची यादी काढून त्यातही एकदा शोधा.

पायरी २: जेवढं आत्ताच उरकतं तेवढं जुन्या व्हर्जनवरच उरका

मोठा बदल लहान करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे त्यातलं जे आधी करता येतं ते आधीच करून मेनमध्ये (मुख्य ब्रँचमध्ये) मर्ज करून टाकणं. बूट २.७ च्या शेवटच्या पॅचवर या, जावा १७ त्याच्यावर चालतं, ते आत्ताच लावा आणि प्रॉडक्शनला पाठवा. सिक्युरिटीच्या कॉन्फिगरेशनमध्ये जुना वेबसिक्युरिटीकॉन्फिगररॲडॅप्टर एक्स्टेंड केलेला असेल तर तो बूट ३ मध्ये मिळणारच नाही, पण त्याच्या जागी सिक्युरिटीफिल्टरचेनचं बीन २.७ वर पण चालतं, मग तो बदल आजच करा ना. डेप्रिकेशनच्या वॉर्निंग बिल्डमध्ये दिसतात त्या नुसत्या स्क्रोल करून सोडू नका, एकेक छोटा पीआर करून संपवा.

असे दहा-बारा छोटे पीआर आधी गेले की खऱ्या उडीच्या दिवशी हातात उरतो तो फक्त नावांचा बदल आणि काही मोजकी हाताने करायची कामं. मॅनेजरला हे पटवायला थोडा वेळ लागतो, "मायग्रेशन सुरू झालं का" असं रोज विचारतात, त्यांना सांगायचं सुरू झालंय, हेच ते.

पायरी ३: बदल टूलकडून करून घ्या, आणि टूलची रेसिपी जपा

आता मुख्य मुद्दा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे लक्षात ठेवा. सातशे फाइल्सचा डिफ (काय काय बदललं त्याची यादी) हा जपायचा माल नाही, तो डिफ ज्या कमांडने तयार होतो ती कमांड जपायची. डिफ उद्या शिळा होतो, कमांड होत नाही.

जावासाठी इथे ओपनरीराइट नावाचं ओपन सोर्स टूल आहे. ते कोडकडे नुसता मजकूर म्हणून बघत नाही, त्याचं झाड बनवतं ज्यात प्रत्येक नावाचा टाइप माहिती असतो आणि तुमच्या स्पेस, कॉमेंट, ओळी जशाच्या तशा ठेवल्या जातात, त्यामुळे एसक्यूएलवालं जावाएक्स आणि पर्सिस्टन्सवालं जावाएक्स ह्यात ते गोंधळत नाही. बदलाच्या वर्णनाला ते रेसिपी म्हणतात. बूट ३ वर नेणारी तयार रेसिपी आहे आणि जावाएक्स ते जकार्ताचा बदल तिच्यातच येतो. मेव्हनला (जावाचं बिल्ड टूल) प्लगइन लावायचं, आधी ड्राय रन चालवायचं, ते कुठलीही फाइल बदलत नाही, फक्त टार्गेट फोल्डरमध्ये एक पॅच फाइल तयार करून ठेवतं. ती निवांत वाचा. पटली की मग रन. इंटेलिजेमध्येही रिफॅक्टर मेनूत पॅकेज मायग्रेट करायची सोय आहे आणि जावा ईई ते जकार्ता ईईचा नकाशा तयार मिळतो, छोट्या प्रोजेक्टला तेवढं पुरतं, पण तो माउसने चालतो, म्हणजे तुम्ही नक्की काय केलंत ते दुसऱ्याला परत करून बघता येत नाही. टीमचं काम असेल तर मी ओपनरीराइटच घ्या म्हणेन.

प्लगइनचं आणि रेसिपीच्या लायब्ररीचं व्हर्जन आकड्यात लिहून ठेवा, "लेटेस्ट" नको. रेसिपी सारख्या सुधारत असतात, आज चालवलेली आणि पंधरा दिवसांनी चालवलेली सारखीच निघेल ह्याची खात्री नाही, आणि आपली पुढची सगळी पद्धत त्या खात्रीवर उभी आहे.

इतर भाषांतही हेच आहे. लिनक्स कर्नलवाले सी कोडसाठी कॉकसिनेल वापरतात, जावास्क्रिप्टवाले जेएसकोडशिफ्ट, पायथन २ वरून ३ वर जाताना टू-टू-थ्री होतं. आणि एआय असिस्टंटचं विचाराल तर त्याच्याकडून रेसिपी किंवा स्क्रिप्ट लिहून घ्या, ते छान लिहितात. सातशे फाइल्स त्याला थेट बदलायला लावल्या तर मधे कुठेतरी तीनशे बाराव्या फाइलमध्ये त्याने "जाता जाता" अजून काय सुधारलंय ते शोधायला तुम्हालाच बसावं लागेल.

पायरी ४: कमिट वेगळे म्हणजे वेगळे

ब्रँचवर पहिला कमिट (गिटमध्ये नोंदवलेला एक बदल) पॉम फाइलमधल्या, म्हणजे मेव्हनच्या सेटिंगमधल्या, प्लगइनचा आणि त्याच्या व्हर्जनचा. दुसरा कमिट निव्वळ टूलने केलेला, त्यात हाताने एक स्वल्पविराम पण टाकायचा नाही, आणि त्या कमिटच्या मेसेजमध्ये चालवलेली कमांड पूर्ण लिहायची. तिसऱ्यापासून पुढे हाताने केलेल्या दुरुस्त्या, एकेका विषयाचा एकेक कमिट.

ह्याचा फायदा कॉन्फ्लिक्ट आल्यावर कळतो. तुम्ही ब्रँचवर असताना बाकीची टीम काही हात बांधून बसलेली नसते, मेनवर रोज नवीन फाइल्स येतात आणि त्यात परत जुने जावाएक्सचे इम्पोर्ट असतात. इथे नवखा माणूस मेन मर्ज करून दोनशे कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवत बसतो. तसं करायचंच नाही. मेनच्या ताज्या टोकावरून नवीन ब्रँच काढा, पॉमचा कमिट चेरी-पिक करा (तेवढाच उचलून आणा), टूल परत चालवा आणि नवा कमिट करा, मग हाताच्या दुरुस्त्यांचे कमिट चेरी-पिक करा. शेवटच्या भागात थोडेफार कॉन्फ्लिक्ट येतील, ते येतात, त्यासाठी गिटचं रीरीरी चालू करून ठेवा म्हणजे एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट पुढच्या वेळी तसाच आला की गिट आपणहून सोडवतं. हे सगळं एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये बसतं, आणि मग ब्रँच ताजी करणं हे रोज सकाळी चहा येईपर्यंत होणारं काम आहे.

गिट वर्कट्री पण शिकून घ्या, एकाच रेपोची दोन फोल्डरं, एकात मायग्रेशन आणि दुसऱ्यात रोजचे बग. सारखं स्टॅश करत बसावं लागत नाही आणि आयडीई प्रत्येक वेळी सगळं इंडेक्स करत बसत नाही.

पायरी ५: रिव्ह्यू कसा मागायचा

सातशे फाइल्सचा पीआर टाकून "प्लीज रिव्ह्यू" लिहिलंत तर काय होणार ते सगळ्यांना माहितीये, कोणीतरी "एलजीटीएम" (मला ठीक वाटतंय) लिहून जेवायला जाणार. त्यात त्याचा दोष नाही, एवढं वाचणं माणसाला शक्यच नाही.

रिव्ह्यूअरला सांगा की टूलवाला कमिट वाचू नकोस, तो पडताळ. त्याने त्या कमिटच्या आधीच्या कमिटवर जायचं, मेसेजमधली कमांड स्वतःच्या मशीनवर चालवायची आणि जे निघेल ते तुमच्या कमिटशी गिट डिफने जुळवायचं. फरक शून्य आला तर त्या कमिटमध्ये हाताने काही घुसवलेलं नाही हे सिद्ध झालं, मग राहिलं फक्त रेसिपी बरोबर आहे का ते बघणं. आणि तरीही ज्याला डोळ्याने बघायचंय त्याच्यासाठी गिट डिफला डॅश कॅपिटल आय हा पर्याय आहे (गिट २.३० पासून), त्याला इम्पोर्टने सुरू होणाऱ्या ओळींचा पॅटर्न दिला की ज्या तुकड्यात नुसत्या इम्पोर्टच्या ओळी बदलल्यात तो तुकडा दाखवतच नाही. सातशे फाइल्समधून बघण्यासारख्या थोड्याशाच उरतात, आणि नेमकं तिथेच काहीतरी सापडतं.

हाताचे कमिट मात्र ओळ न ओळ वाचून घ्यायचे.

पायरी ६: कम्पायलरला जे दिसत नाही

बिल्ड हिरवं झालं म्हणून पार्टी मागू नका. ह्या मायग्रेशनमधले त्रासदायक बग सगळे हिरव्या बिल्डनंतरचे.

व्हॅलिडेशनचं बघा. समजा तुमच्या एका डीटीओवर (नुसता डेटा इकडून तिकडे नेणारा क्लास) नॉटनल ("नल चालणार नाही" सांगणारं ॲनोटेशन) लावलंय आणि ते अजून जुन्या जावाएक्सच्या पॅकेजमधलं आहे, कारण तो क्लास ज्या मॉड्यूलमध्ये आहे तिथे टूल चालवायचं राहिलं. कम्पाइल व्हायला नको, बरोबर? पण कुठल्यातरी तिसऱ्याच लायब्ररीने जुना व्हॅलिडेशनचा जार (जावा लायब्ररीची फाइल) आपल्याबरोबर आणलेला असतो, त्यामुळे कम्पाइल व्यवस्थित होतं. चालताना नवीन हायबरनेट व्हॅलिडेटर फक्त जकार्तावाली ॲनोटेशन ओळखतो, जुनी त्याच्या लेखी नाहीतच. एरर नाही, लॉगमध्ये वॉर्निंग नाही, रिक्वेस्टमध्ये नावाच्या जागी नल आलं तरी ते सरळ डेटाबेसपर्यंत जातं. म्हणून मेव्हनचं डिपेन्डन्सी ट्री काढून जुने जार कोण आणतंय ते शोधायचं आणि एक्सक्लूड करायचं. त्यातही एक मेख आहे, जारच्या नावात जकार्ता आहे म्हणून आतलं पॅकेज जकार्ता असेलच असं नाही! जकार्ता ईई ८ च्या काळातले जार, म्हणजे व्हॅलिडेशन २.०.२ किंवा पर्सिस्टन्स २.२.३, नावाने जकार्ता आणि पोटात जावाएक्स. ह्या दोन्हींमध्ये ३ पासून पुढेच खरं जकार्ता, सर्व्हलेटमध्ये ५ पासून. नाव नाही, व्हर्जन बघा.

मग स्ट्रिंगमध्ये लपलेली नावं. एरर पेजसाठी रिक्वेस्टमधून स्टेटस कोडचा ॲट्रिब्यूट काढणारा कोड असतो, त्या ॲट्रिब्यूटचं नाव अवतरणचिन्हात जावाएक्स सर्व्हलेटने सुरू होतं. नवीन टॉमकॅट तो जकार्ताच्या नावाने ठेवतो, जुन्या नावाने मागितलं की नल. रेसिपी काही स्ट्रिंग पकडतात, सगळ्या पकडतील असं धरून चालू नका, टूल चालवून झाल्यावर पहिल्या पायरीतला ग्रेप परत चालवा आणि जे जे उरलंय ते का उरलंय हे प्रत्येकाचं उत्तर द्या.

बूट ३ बरोबर हायबरनेट ६ (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) पण येतं आणि आयडी आपोआप बनवायला दिलेला असेल तर आधी सगळ्या एंटिटी मिळून हायबरनेट-सीक्वेन्स हा एकच सीक्वेन्स (डेटाबेसमधला पुढचा नंबर देणारा काउंटर) वापरायच्या, आता प्रत्येक एंटिटीचा वेगळा शोधला जातो. टेस्टमध्ये एचटू डेटाबेस दर वेळी नव्याने तयार होतो, म्हणून तिथे नवीन सीक्वेन्स आपसूक बनतात आणि टेस्ट पास, खऱ्या डेटाबेसवर पहिलाच इन्सर्ट आपटतो. जुनं नामकरण ठेवायची सेटिंग आहे, ती लावा किंवा सीक्वेन्स आधी तयार करा, पण खऱ्या डेटाबेसच्या स्कीमावर एकदा चालवून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. तसंच यूआरएलच्या शेवटचा स्लॅश, आधी स्प्रिंग तो चालवून घ्यायचं, आता चारशे चार येतं, आणि तो स्लॅश नेमका जुन्या मोबाईल ॲपमध्ये असतो जे लोक अपडेट करत नाहीत. ॲक्सेस लॉगमध्ये आधीच शोधून ठेवा.

प्रॉपर्टीजची नावं पण काही बदलली आहेत, उदाहरणार्थ रेडिसच्या सेटिंग आता डेटाच्या खाली गेल्या. त्यासाठी प्रॉपर्टीज मायग्रेटर म्हणून एक मॉड्यूल स्प्रिंगनेच दिलंय, ते लावलं की ॲप सुरू होताना सांगतं कुठलं नाव जुनं आहे. काम झालं की काढून टाका, ते कायम ठेवायचं नसतं.

पायरी ७: सगळ्यांची मिळून एक लायब्ररी असेल तर

हे बहुतेक कंपन्यांत असतं, कॉमन नावाचा एक जार जो पंधरा सर्व्हिस वापरतात. एकाच सर्व्हिसमध्ये अर्धं जावाएक्स अर्धं जकार्ता चालत नाही, पण पंधरा सर्व्हिस एका दिवशी उडी मारतील असंही नाही. साधा उपाय म्हणजे कॉमनच्या दोन ओळी काही काळ चालवायच्या, जुन्या मेजर व्हर्जनवर जावाएक्स आणि नवीन मेजरवर जकार्ता. जकार्तावाली ओळ हाताने सांभाळायची नाही, जुन्या ओळीवर टूल चालवूनच ती तयार होते, रेसिपी जपा म्हटलं ते इथेही कामाला येतं. सोर्सच हातात नसलेला जुना जार असेल तर इक्लिप्स ट्रान्सफॉर्मर बाइटकोडमध्येच नावं बदलून देतो. आणि ही दोन ओळींची चैन किती दिवस चालणार त्याची तारीख आधीच ठरवा, नाहीतर ती कायमची होते.

आपला बदल पॅकेजच्या नावाचा नसून एखाद्या मेथडचा असेल तर काम सोपं आहे, नवीन मेथड जुनीच्या शेजारी आणायची, वापरणारे एकेक करून हलवायचे, शेवटी जुनी काढायची. गुगलकडे सगळ्यांचा मिळून एकच रेपो आहे, जानेवारी २०१५ मध्येच त्यात सुमारे २०० कोटी ओळी होत्या, तिथे रोझी नावाचं टूल मोठा पॅच घेऊन त्याचे फोल्डरच्या मालकांप्रमाणे तुकडे करतं, प्रत्येक तुकडा टेस्ट करून त्या त्या मालकाकडे रिव्ह्यूला पाठवतं. आपल्याकडे एवढं नसतं, पण कोडओनर्स फाइल (कुठल्या फोल्डरचा मालक कोण ते सांगणारी) आणि थोडी स्क्रिप्ट इतक्यावर छोटं रूप जमतं.

पायरी ८: मर्ज आणि त्यानंतरचे पंधरा दिवस

मर्जची वेळ शुक्रवार संध्याकाळची नको, एवढं सांगायला लागू नये. टीमला आदल्या दिवशी कळवा, ब्रँच मेनवर शेवटची ताजी करा, सीआय (सर्व्हरवर आपोआप चालणारं बिल्ड आणि टेस्ट) हिरवं झालं की लगेच मर्ज, मधे अर्ध्या तासाचा फ्रीझ पुरतो. स्क्वॉश करू नका. स्क्वॉश केलंत की टूलचा आणि हाताचा कमिट एक झाला आणि आतापर्यंत वेगळे ठेवलेले पाण्यात.

त्यानंतर रेपोत गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज ही फाइल बनवून तिच्यात टूलवाल्या कमिटचा हॅश (गिटने दिलेला ओळख क्रमांक) टाका आणि गिटच्या कॉन्फिगमध्ये तिचं नाव द्या (गिट २.२३ पासून), गिटहबही ही फाइल ओळखतं. नाहीतर पुढची पाच वर्षं प्रत्येक फाइलच्या ब्लेममध्ये (कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारी यादी) तुमचंच नाव दिसणार आणि लोक तुम्हाला दोन हजार सोळाच्या लॉजिकबद्दल विचारत राहणार. रिबेस करून मर्ज केलं असेल तर हॅश बदलतो, म्हणून तो मर्ज झाल्यावरच मेनमधून उचलायचा.

जुने इम्पोर्ट परत येऊ नयेत म्हणून मेव्हन एन्फोर्सरमध्ये जुन्या जारवर बंदी घाला, आणि आर्कयुनिटची एक छोटी टेस्ट लिहा की कुठलाही क्लास जुन्या पर्सिस्टन्स किंवा व्हॅलिडेशनवर अवलंबून नसावा. लोकांच्या जुन्या ब्रँच अजून महिनाभर मर्ज होत राहतात, आयडीई ऑटो-इम्पोर्टमध्ये जुनं नाव सुचवतो, माणसाला लक्षात ठेवायला सांगून उपयोग नसतो, बिल्डनेच अडवलं पाहिजे.

आणि दोन आठवड्यांनी कोणीतरी येतं, "हा रिपोर्ट आधी चालत होता". तेव्हा गिट बायसेक्ट. चांगला कमिट आणि वाईट कमिट सांगायचा, मधला निवडून ते विचारत जातं, हजार कमिट असले तरी दहाएक फेऱ्यांत जागा सापडते, आणि बग दाखवणारी टेस्ट लिहिलेली असेल तर बायसेक्ट रनला ती देऊन तुम्ही दुसरं काम करा. एक अडचण आहे, टूलचा कमिट एकटा कम्पाइल होत नाही, हाताच्या दुरुस्त्या आल्यावरच होतो, त्यामुळे बायसेक्ट मधे तिथे अडखळतं. स्क्रिप्टमध्ये कम्पाइल फसलं की एक्झिट कोड १२५ द्यायचा, म्हणजे गिट तो कमिट वगळून शेजारचा घेतं. बग नेमका त्या वगळलेल्या टप्प्यातलाच निघाला तर बायसेक्ट एक कमिट न देता चार-पाच संशयित हातात ठेवतं, मग त्यातले हाताचे कमिट आधी वाचायला घ्या.